थॅकरे आणि ठाकरे : एका आडनावाची गोष्ट



या अंकासाठी आम्ही परीक्षेच्या तयारीवर लिहावे, अशी संपादक शिक्षिकांची सूचना होती. तो लेख निम्मा लिहूनही झाला होता. पण ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात आठवीतल्या एका विद्यार्थ्याच्या आई आमच्या कार्यालयात आल्या आणि तो लेख तसाच राहिला. त्या म्हणाल्या, "सर, हा तीन दिवस खेळायला गेला नाही. विचारलं तर बोलत नाही. तुम्ही एकदा बघा."

मुलाला बोलावले. बराच वेळ तो बुटांकडे बघत उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "सर, मैदानावर मुलं म्हणतात, निम्म ठाकरेन्न नम्म चन्नम्म कोन्दळु." म्हणजे, तुमच्या ठाकरेला आमच्या चन्नम्माने मारले. "मी म्हटलं, चन्नम्मा आमचीपण आहे. तर सगळे हसले."

कित्तूर उत्सवाचे ते दिवस. दरवर्षी २३ ऑक्टोबरच्या सुमारास कित्तूरला उत्सव होतो, शाळाशाळांतून राणी चन्नम्मांची गोष्ट सांगितली जाते. तेरा वर्षांची मुले चिडवण्यासाठी काय वापरतील याचा नेम नसतो, आणि त्यांच्या मनात काही वाईट होते असेही आम्हाला वाटत नाही. पण हा मुलगा हुबळीत जन्मला, त्याचे पणजोबा इथल्या रेल्वे वर्कशॉपमध्ये कामाला होते, आणि चन्नम्मा सर्कलमधला राणीचा घोड्यावरचा पुतळा तो बालवाडीपासून रोज पाहतो. एका आडनावाच्या साम्यावरून त्याला त्या पुतळ्यापासून दूर उभे केले गेले, हे त्याला लागले होते.

आम्ही काय केले, ते प्रामाणिकपणे सांगतो. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी आम्ही मोठ्या आवाजात जाहीर केले की कित्तूरला मारला गेलेला थॅकरे इंग्रज होता, ठाकरे हे मराठी आडनाव आहे, आणि या दोन नावांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. मुलांनी टाळ्या वाजवल्या. आम्हीही समाधानाने खुर्चीवर बसलो.

मधल्या सुट्टीत आमच्या ग्रंथालयाच्या मॅडम आल्या आणि दार लोटून म्हणाल्या, "सर, एक विचारू? संबंध नाही, तर मग मुंबईचे ठाकरे इंग्रजीत आपलं नाव त्या साहेबासारखं का लिहितात?"

आम्ही गप्प बसलो. त्यानंतरचे दोन रविवार आम्ही याच एका गोष्टीत घालवले. जे हाती लागले, ते पुढे देत आहोत.

आधी कित्तूरचा साहेब. त्याचे नाव सेंट जॉन थॅकरे. नाव ऐकून मुले विचारतात, "सर, तो संत होता का?" नव्हता. इंग्रजांत हे साधे पाळण्यातले नाव असते आणि त्याचा उच्चार बहुधा 'सिंजन' असा होतो. हा सिंजन थॅकरे धारवाडला कंपनी सरकारचा कलेक्टर आणि पोलिटिकल एजंट होता. १८१८ साली पेशवाई बुडाल्यावर हा मुलूख कंपनीकडे आला होता, आणि इंग्रजांच्या दप्तरात त्याचे नाव होते 'सदर्न मराठा' प्रदेश. आपल्या जुन्या लोकांच्या तोंडी 'सदर्न मराठा रेल्वे' हे नाव असे, तेही त्याच मुलखावरून. म्हणजे साहेबाच्या हुद्द्यातच 'मराठा' हा शब्द होता. आडनाव थॅकरे, हुद्द्यात मराठा. मग मैदानावरच्या मुलांना तो आपला वाटला, यात नवल ते काय?

१८२४ च्या सप्टेंबरात कित्तूरचे देसाई शिवलिंगरुद्रसर्ज वारले. त्यांना मूल नव्हते, म्हणून शिवलिंगप्पा या मुलाला दत्तक घेतले गेले. थॅकरेने हे दत्तकविधान मानले नाही आणि खजिन्यावर पहारे बसवले. २३ ऑक्टोबरला किल्ल्याचे दरवाजे बंद झाले. तोफा लावून दरवाजे फोडण्याची तयारी साहेब करत असतानाच दरवाजे आतून उघडले आणि कित्तूरचे सैन्य बाहेर पडले. त्या चकमकीत थॅकरे मारला गेला. अमटूर बाळप्पाच्या गोळीने तो पडला, असे या भागात सांगतात. एलियट आणि स्टीव्हन्सन हे त्याचे दोन सहायक कैद झाले. डिसेंबरात चॅप्लिन या कमिशनरने मोठी फौज आणली तेव्हा पुन्हा लढाई झाली, तीत सोलापूरचा सबकलेक्टर मन्रो पडला, पण किल्लाही पडला. राणीला बैलहोंगलला कैदेत ठेवण्यात आले, आणि तिथेच १८२९ साली त्यांचा अंत झाला.

त्या कैद झालेल्या एलियटबद्दल दोन ओळी लिहिल्याशिवाय आम्हाला राहवत नाही. हाच पुढे सर वॉल्टर एलियट झाला. कर्नाटकातल्या शेकडो शिलालेखांच्या नकला त्याने करून घेतल्या, आणि चालुक्यांच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यांना त्या फार उपयोगी पडल्या. कित्तूरकरांनी कैदेत त्याचे काही बरेवाईट केले असते, तर ते काम तिथेच संपले असते.

आणखी एक गोष्ट. आपल्या घरांतून पेशवाईचा अभिमान बाळगला जातो, त्यात गैर काही नाही. पण कित्तूरचे देसाई मल्लसर्ज, म्हणजे चन्नम्मांचे पती, यांना दुसऱ्या बाजीरावाने पुण्यात अडकवून ठेवले होते, हेही मुलांना ठाऊक असावे. कित्तूरला इंग्रजांच्या आधी पुण्याचाही जाच झाला होता.

आता आडनाव. थॅकरे हे इंग्लंडच्या उत्तरेकडचे, यॉर्कशायर परगण्यातले नाव. नवव्या शतकात समुद्रापलीकडून आलेले नॉर्स लोक तिथे स्थायिक झाले, आणि त्यांच्या भाषेतले दोन शब्द या नावात आहेत. 'थाक' म्हणजे छप्पर शाकारण्याचे गवत किंवा बोरू, आणि 'व्रा' म्हणजे कोपरा. दोन्ही मिळून अर्थ होतो, शाकारणीचे गवत जिथे मिळते तो कोपरा. या नावाची एक लहानशी वस्ती यॉर्कशायरमधल्या टिंबल गावाच्या हद्दीत होती. तिथून उठून जो दुसरीकडे गेला, त्याला लोक थॅकरे म्हणू लागले.

आपले आजोबा पावसाळ्याच्या तोंडावर घर शाकारत. कौले फिरवायची, गवत नवे घालायचे. त्या शाकारणीचाच हा शब्द. गंमत म्हणजे हा 'थाक' आणि संस्कृतातला 'स्थग्', म्हणजे झाकणे, हे एकाच मुळाचे आहेत असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. विश्वस्त मंडळाची सभा कोरमअभावी 'स्थगित' होते, तो शब्द याच 'स्थग्'मधून आला आहे. (अशी सभा यंदा दोनदा झाली. नोंद घ्यावी.)

आणि ती वस्ती आज कुठे आहे? पाण्याखाली. लीड्स शहराला पाणी पुरवण्यासाठी १८७० च्या दशकात फ्यूस्टन येथे तलाव बांधला गेला, त्यात ती बुडाली. हे वाचताना आम्हाला आलमट्टीच्या पाण्यात गेलेले जुने बागलकोट आठवले. आपल्या शाळेच्या पटावर बागलकोट हे आडनाव आहे. त्या मुलांनी ती जुनी पेठ पाहिलेली नाही, आडनाव मात्र लावतात.

इथे आम्हाला आणखी एक गोष्ट उमगली. आपण गावाच्या नावाला 'कर' जोडतो. कन्नड मंडळी बहुधा जोडत नाहीत, गावाचे नाव तसेच लावतात. गंगूबाई हनगल यांच्या नावात हनगल हे गाव जसेच्या तसे आहे. विनायक कृष्ण गोकाक यांच्या नावात गोकाक. पण १९३९ च्या 'माणूस' चित्रपटामुळे गाजलेल्या नटी आपल्याच हुबळीकडच्या, त्या मराठीत गेल्या आणि झाल्या शांता हुबळीकर. इंग्रजांचा थॅकरे या बाबतीत कन्नड मंडळींच्या वळणाचा आहे. त्याला 'कर' नाही.

इंग्लंडात हे नाव काही स्मिथ किंवा जोन्ससारखे गल्लोगल्ली सापडत नाही. यॉर्कशायर आणि विशेषतः लीड्सच्या आसपास ते आहे, पण तिथे त्याचे स्पेलिंग बहुधा आखूड असते, 'के'नंतरचा 'ई' त्यात नसतो. लीड्सला त्या स्पेलिंगचे वैद्यकीय संग्रहालय आहे. त्याच शहरात थॅक्रा नावाचे एक डॉक्टर होऊन गेले, गिरण्या-कारखान्यांतल्या कामगारांना धंद्यामुळे कोणते रोग होतात यावर त्यांनी १८३१ साली पुस्तक लिहिले. नाव तेच, शेपूट वेगळे. ज्या काळी लिहिणारे थोडे आणि बोलणारे फार होते, तेव्हा नोंद करणाऱ्याच्या कानावर आणि मर्जीवर स्पेलिंग ठरे.

'ई'वाले लांब स्पेलिंग जगभर पोहोचले ते एका लेखकामुळे. विल्यम मेकपीस थॅकरे. जन्म कलकत्त्याचा, १८ जुलै १८११. वडील रिचमंड थॅकरे कंपनीच्या नोकरीत होते. मुलगा चार वर्षांचा असताना ते वारले, आणि पाच वर्षांच्या त्या पोराला बोटीने इंग्लंडला धाडण्यात आले. वाटेत बोट सेंट हेलेना बेटावर थांबली, तेव्हा तिथे कैदेत असलेला नेपोलियन त्याला दाखवण्यात आला. पुढे १८४७-४८ मध्ये त्याची 'व्हॅनिटी फेअर' ही कादंबरी हप्त्याहप्त्याने प्रसिद्ध झाली. तीत हिंदुस्थानातून परतलेला एक लठ्ठ, पोशाखी आणि भित्रा कलेक्टर आहे. लेखकाचे घराणे कलेक्टरांचेच होते. आजोबा सिल्हेटला कलेक्टर, काका मद्रासेकडे. आणि एक काका धारवाडला.

होय. कित्तूरच्या दरवाजासमोर पडलेला सिंजन थॅकरे हा या कादंबरीकाराचा सख्खा काका. १८२४ साली हा मुलगा तेरा वर्षांचा होता, इंग्लंडात शाळेत शिकत होता. आमच्या आठवीतल्या विद्यार्थ्याच्याच वयाचा.

आता मुंबईकडे वळू. केशव सीताराम ठाकरे, म्हणजे प्रबोधनकार, यांचा जन्म १८८५ साली पनवेलला झाला. घराण्यात पनवेलकर हेही आडनाव लावले जाई, आणि वडिलांनी मुलाला शाळेत घालताना ठाकरे हे जुने आडनाव लिहिले, असे सांगतात. १९२१ साली त्यांनी 'प्रबोधन' नियतकालिक काढले, त्यावरून ते प्रबोधनकार झाले. त्यांना इंग्रजी वाचनाची मोठी आवड होती, आणि कादंबरीकार थॅकरेच्या लेखनावरील प्रेमापोटी त्यांनी आपल्या ठाकरे नावाचे इंग्रजी स्पेलिंग त्याच्यासारखे केले, अशी ही हकिगत आहे. मराठीतले ठाकरे तसेच राहिले. फक्त इंग्रजीतला अंगरखा बदलला.

विदर्भात ठाकरे आडनावाची कितीतरी शेतकरी घराणी आहेत. ती इंग्रजीत साधे, कानाला ऐकू येते तसे स्पेलिंग करतात. मध्य प्रदेशातल्या धारचे कुशाभाऊ ठाकरेही साधेच स्पेलिंग करत. म्हणजे ठाकरे हे नाव आपले, स्वतंत्र, त्या नॉर्स गवताशी त्याचे काही नाते नाही. आमच्या टाळ्या मिळवणाऱ्या भाषणातला तेवढा भाग बरोबर होता. पण 'काडीचाही संबंध नाही' हे खोटे. एका पुस्तकप्रेमी माणसाने हौसेने जोडलेला एक धागा आहे, आणि तो धागा कलकत्त्याच्या पुतण्यामार्फत कित्तूरच्या काकापर्यंत जातो. इंग्लंडात जे स्पेलिंग विरळ, ते आज आपल्या देशात रोज वर्तमानपत्रात छापले जाते.

सोमवारी प्रार्थनेला आम्ही पुन्हा उभे राहिलो आणि शुक्रवारी आम्ही अर्धे चुकीचे सांगितले, असे म्हणालो. या वेळी टाळ्या पडल्या नाहीत. एका शिक्षकांनी नंतर सुचवले की मुलांसमोर मुख्याध्यापकांनी चूक कबूल करणे बरे दिसत नाही. त्यांच्या काळजीचा आम्ही आदर करतो.

सीमेचे राजकारण या पानावर आणण्याची आमची इच्छा नाही. पण नाव कसे लिहिले जाते याचा माणसाच्या मनाशी संबंध असतो, हे आम्हाला आमच्यापुरते चांगले ठाऊक आहे. आमचे शिक्षण इंदूरकडे झाले, पदवीपर्यंत हिंदी माध्यमातून. (आमच्या मराठीत कधी हिंदीचा वास येतो, तो पालकांनी इतकी वर्षे गोड मानून घेतला आहे.) आमच्या आडनावात मधोमध 'ळ' आहे. माळव्याच्या बोलण्यात 'ळ' ऐकू येतो, पण हिंदीच्या वर्णमालेत तेव्हा त्याला जागा नव्हती. पहिलीच्या हजेरीपटापासून पदवीच्या कागदापर्यंत आमचा 'ळ' 'ल' होऊन बसला. वडिलांनी एकदा एका कार्यालयात जाऊन दुरुस्ती मागितली, तर तिथले बाबू म्हणाले, "एक ही बात है।" वडील घरी आले आणि ओसरीवर बराच वेळ काही न बोलता बसले. तेव्हा आम्ही त्या आठवीतल्या मुलाएवढे होतो.

नोकरीनिमित्त हुबळीत आलो. शिधापत्रिकेसाठी एका खिडकीशी उभे राहून आम्ही आडनाव सांगितले, आणि सवयीने जोडले, "ल चालेल." आतल्या कन्नड बाईंनी मान वर केली, "यारु हेळिदरु? ळ अल्वा?" असे विचारले, आणि ठसठशीत कन्नड 'ळ' लिहिला. कन्नडमध्ये 'ळ' आहे.  आमच्या नावाला त्याचे हरवलेले अक्षर मराठी मुलखात नाही, इथे मिळाले. पत्नीला तो कागद दाखवला तेव्हा ती म्हणाली, "अहो, मामंजी असते तर त्यांनी चौकट करून लावला असता."

आपल्या गावाचेही तसेच. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी इंग्रजीत हुबळीचे हुब्बळ्ळी झाले, आणि शाळेच्या सगळ्या छापील कागदांचा खर्च पुन्हा करावा लागला. खजिनदारांनी तेव्हा जरा कुरकुर केली होती. पण एखाद्या गावाला आपले नाव आपल्या उच्चाराने लिहावेसे वाटले, तर त्याबद्दल आमच्यासारख्याने काय तक्रार करायची?

दहावीच्या परीक्षेचे अर्ज भरताना पालकांनी आडनावाच्या स्पेलिंगकडे नीट लक्ष द्यावे, ही विनंती. यंदा तीन सख्ख्या भावंडांची तीन निरनिराळी स्पेलिंगे आमच्याकडे आली आहेत. घरात एकदा बसून ठरवा आणि जन्मदाखला, आधार, शाळेचा दाखला हे सगळे तपासून घ्या. नंतर दुरुस्तीसाठी लागणारे प्रतिज्ञापत्र, स्टॅम्प आणि हेलपाटे यांचा हिशेब आम्ही सांगू शकतो.

त्या विद्यार्थ्याला आम्ही हे सगळे शाळा सुटल्यावर निवांत सांगितले. नकाशा काढून दिला, लीड्स, कलकत्ता, कित्तूर, पनवेल. काकाचे ऐकून त्याचे डोळे मोठे झाले. पण सगळ्यात जास्त तो रमला गवताच्या कोपऱ्यात. "म्हणजे सर, थॅकरे म्हणजे नुसता गवताचा कोपरा?" दोनदा विचारून खात्री केली आणि दप्तर उचलून पळाला.

गेल्या आठवड्यात त्याच्या आई फी भरायला आल्या होत्या. म्हणाल्या, रोज संध्याकाळी सहापर्यंत मैदानावरच असतो. त्या मैदानाच्या एका अंगाला, कारखान्याच्या भिंतीलगत, कमरेइतके गवत माजले आहे. चेंडू तिकडे गेला की सगळी मुले, कन्नड, मराठी, उर्दू बोलणारी, एकदम ओरडतात, "थ्याकरेत गेला!" आणि ज्याने मारला, त्यानेच आणायचा असा नियम आहे.